उंबरगावची नोकरी, वेवजीचा पत्ता

उंबरगाव रोड स्टेशनावर उतरून पायी निघालेल्या माणसाला आपण गुजरातेतून महाराष्ट्रात कधी आलो हे कळत नाही. इकडे सोलसुंबा, तिकडे पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातले वेवजी. मधली रेघ कागदावर ठळक असली तरी जमिनीवर इतकी पुसट, की पथदिव्यांचे खांब नेमके कुणाच्या हद्दीत रोवले यावरून दोन्ही गावांत वाद झाला आणि तो वर्तमानपत्रांत गाजला. १ मे १९६० पर्यंत असा वाद व्हायला जागाच नव्हती. उंबरगाव हा तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचाच तालुका. द्विभाषिक मुंबई राज्य मोडले तेव्हा त्या तालुक्यातली गावे वाटली गेली. वेवजी इकडे राहिले; रेल्वे स्टेशन, बाजार आणि पुढे उभी राहिलेली औद्योगिक वसाहत तिकडे गेली.

हद्दीचा तोच प्रश्न आता फोनच्या पडद्यावर आला आहे. लिंक्डइनवर नवे प्रोफाइल उघडले की नाव-आडनावापाठोपाठ ठिकाण विचारले जाते. वेवजीच्या पोराने इमानेइतबारे पालघर जिल्हा भरला आणि उंबरगावच्या जीआयडीसीतला एचआरवाला वलसाड जिल्ह्याची चाळणी लावून बसला, तर सायकलवरून गेटवर पोहोचणारा हा उमेदवार त्याच्या यादीत येतच नाही. तास-दीड तासावरच्या धरमपूरचा मात्र येतो. गुजरात सरकारचे धोरण उद्योगांत ८५ टक्के स्थानिकांना घ्या असे, महाराष्ट्राचे ८० टक्के. उंबरगावच्या लेखी वेवजीचा पोरगा परराज्यातला. त्याच्या स्वतःच्या राज्यातली मोठी औद्योगिक वसाहत शोधायची तर बोईसर-तारापूर गाठावे लागते.

मधल्या डहाणूत कारखाने का नाहीत, यालाही कारण आहे. जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि तिथे उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमिनीची मर्यादा आली. चिकूच्या वाड्या वाचल्या, हे चांगलेच झाले. नोकरीसाठी मात्र वर उंबरगाव-वापी किंवा खाली बोईसर, एवढेच दोन रस्ते उरले. उंबरगाव म्हटले की जुन्या पिढीला रामानंद सागरांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण आठवते. नव्या पिढीला डोम्सच्या पेन्सिली. डिसेंबर २०२३ मध्ये शेअर बाजारात उतरलेल्या आणि इटलीच्या फिला कंपनीची भागीदारी असलेल्या या कंपनीचा पसारा उंबरगावातच आहे. तिच्याभोवती प्लास्टिक, रसायने, पॅकेजिंग यांचे लहानमोठे असंख्य गाळे.

ऑनलाइन प्रोफाइल कसे सजवावे याचे सल्ले हल्ली पैशाला पासरी मिळतात. त्यातले बहुतेक पुण्या-बंगळुरूच्या संगणक अभियंत्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. आयटीआय झालेला फिटर, डिप्लोमावाली मुलगी, बीएस्सी करून प्रयोगशाळेत लागू पाहणारा वारली तरुण त्यांत कुठेच नसतो. म्हणून या प्रश्नाकडे एकदा या पट्ट्यातून बघायला हवे.

आपल्याकडे नोकरी ‘मिळते’ कमी, ‘लागते’ जास्त. आणि लागते ती ओळखीने. या ‘ओळख’ शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही इथे कामाचे आहेत. एक म्हणजे मी कोण. दुसरा म्हणजे मला कोण ओळखतो. डहाणू-तलासरीत पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या ओळखीला किंमत नव्हती, दुसरीवर सगळे चालत असे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराच्या दारात राबणाऱ्या माणसाला इथे ‘लग्नगडी’ म्हणत. त्याचे नाव, त्याचे कसब कुणी विचारत नसे. तो अमक्याचा गडी, एवढीच त्याची ओळख. ती वेठ मोडायला १९४५ साली झरीहून गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहावा लागला. लग्नगडी गेला, तरी मुकादम राहिला. दिवाळी सरली की वीटभट्टीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे उचलणारा, हातात आगाऊ रक्कम ठेवून सगळा हंगाम बांधून घेणारा मुकादम. मुंबईच्या गिरण्यांत त्याचाच भाऊबंद ‘जॉबर’ होता. आपल्या गावचे, आपल्या नात्यातले लोक तो खात्यात भरायचा आणि दस्तुरी घ्यायचा.

या मधल्या माणसाला बाजूला सारण्याचे प्रयत्न सरकारने केले. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डाचे नूतनीकरण करण्यात एका पिढीची उमेद गेली. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आले, २००३ मध्ये अमेरिकेत लिंक्डइन सुरू झाले, २०१५ मध्ये केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल, आणि महाराष्ट्राचे महास्वयम. या सगळ्यांचे आश्वासन एकच: ओळख नसली तरी ओळख करून देऊ.

डहाणूत हे आश्वासन एकदा, इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी, खरे झाले होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार कागद आणि रंग घेऊन इथल्या पाड्यांवर हिंडत होते. गंजाडला त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. भिंतीवर लग्नाचा चौक लिहिण्याचे, म्हणजे वारली चित्र काढण्याचे काम परंपरेने बायकांचे. हा पुरुष मात्र रोज, स्वतःच्या ओढीने चित्रे काढत होता. १९७६ मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. अर्ज नाही, बायोडेटा नाही. शोधणारा माणूस पायी आला, भिंतीपाशी थांबला आणि त्याने पाहिले. आजच्या रिक्रूटरला ना पाय आहेत, ना वेळ. त्याच्यापुढे एक शोधाची चौकट आहे आणि तिच्यात तो चार-सहा शब्द टाकतो. ते शब्द भिंतीवर असले तरच भिंत दिसते.

म्हणून आधी हे दुकान कुणाचे ते समजून घेणे बरे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लिंक्डइन २,६२० कोटी डॉलरना विकत घेतले. नोव्हेंबर २०२३ पर्यंत त्याचे १०० कोटी सदस्य झाले होते. त्यात भारतातले १० कोटींच्या वर, म्हणजे अमेरिकेखालोखाल. सदस्याला खाते फुकट. पैसे मोजतात ते मुख्यतः माणसे शोधणाऱ्या कंपन्या. थोडक्यात, गिऱ्हाईक रिक्रूटर आहे आणि फळीवर मांडलेला माल आपण. हे ऐकायला बोचते खरे, पण एकदा पटले की पुढचे बरेच प्रश्न सुटतात. गिऱ्हाईक कोणत्या नावाने माल मागते, हे दुकानदाराला ठाऊक असावेच लागते.

समजा, वेवजीचा एक तरुण आहे. आयटीआय फिटर, तीन वर्षे उंबरगावात प्लास्टिकच्या कारखान्यात. त्याचे प्रोफाइल उघडले तर बोर्डीच्या किनाऱ्यावर गॉगल लावून काढलेला फोटो. खाली हेडलाइन: ‘हार्डवर्किंग, सिन्सियर, लुकिंग फॉर जॉब’. अनुभवाच्या रकान्यात कंपनीचे नाव आणि ‘ऑपरेटर’. संपले. आता वापीतला एचआरवाला काय शोधतो? तो ‘हार्डवर्किंग’ कधीच टाकत नाही. तो टाकतो ‘इंजेक्शन मोल्डिंग’, ‘मोल्ड चेंज’, ‘मेंटेनन्स’, ‘आयटीआय फिटर’, आणि अनुभव दोन ते पाच वर्षे. या चार शब्दांपैकी एकही त्या प्रोफाइलवर नाही. पोरगा ही सगळी कामे रोज करतो. फक्त लिहिलेले नाही.

हेडलाइनला २२० अक्षरांची जागा असते, पण यादीत फोनवर पहिले काही शब्दच दिसतात. तिथे ‘इंजेक्शन मोल्डिंग ऑपरेटर व फिटर, ३ वर्षे, मोल्ड चेंज, उंबरगाव-वापी’ असे लिहिले की पत्त्याचा घोळही निम्मा मिटतो. उरलेला निम्मा ‘ओपन टू वर्क’मध्ये मिटवता येतो, तिथे कामासाठी चालतील अशी एकाहून अधिक ठिकाणे निवडता येतात. मग घर पालघर जिल्ह्यात दाखवून उंबरगाव, वापी आणि बोईसर ही तिन्ही निवडायला हरकत नाही. पत्ता खोटा टाकण्याची गरज नाही, आणि टाकू नये. आधारवर शेवटी वेवजीच आहे.

‘अबाउट’ या भागात २,६०० अक्षरे मावतात. तेवढी भरायलाच हवीत असे नाही. पाच-सहा ओळी पुरतात, पण त्यांत आकडे हवेत. किती टनाची मशीन, एका शिफ्टला किती मशीन सांभाळतो, मोल्ड बदलायला पूर्वी किती वेळ लागायचा आणि आता किती, रिजेक्शन किती खाली आणले. कारखान्याच्या फळ्यावर हे आकडे रोज लिहिले जातात. तेच घरी आणायचे. (कंपनीची गुपिते तेवढी आणू नयेत. कोणत्या ग्राहकाचा माल, काय दराने, हे लिहिणारा माणूस पुढच्या मालकालाही नको असतो.) एकाच कामाला दोन नावे असतील तर दोन्ही लिहावीत: ‘क्यूसी’ आणि ‘क्वालिटी कंट्रोल’. शोधणारा कोणते टाकेल ते सांगता येत नाही. वेल्डर असेल तर आर्गन की सीओटू ते स्पष्ट. फोटो साध्या भिंतीपुढे, उजेडात, गॉगलशिवाय.

भाषेचा पेच थोडा निराळा आहे. लिंक्डइन डिसेंबर २०२१ मध्ये हिंदीत आले, २०२४ मध्ये मराठीत. बटणे, सूचना, रकान्यांची नावे आता मराठीत वाचता येतात, आणि पहिल्यांदा खाते उघडणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे. पण शोध चालतो इंग्रजीत. मराठीत लिहिलेले ‘गुणवत्ता नियंत्रण’ वाचायला सुंदर. ते शोधायला कुणी येत नाही. तेव्हा रकाने मराठीत वाचावेत आणि भरावेत इंग्रजीत. वाक्ये मोडकी असली तरी चालतील, पण कामाचे आणि मशीनचे नाव बिनचूक हवे. घरी वारली, बाजारात गुजराती, शाळेत मराठी आणि कारखान्यात हिंदी बोलणारे या पट्ट्यातले पोरगे ‘लँग्वेजेस’चा रकाना रिकामा सोडते, हे तर नवलच. सीमेवरच्या कारखान्यात सुपरवायझरला याच चार भाषा लागतात.

इतके करूनही फोन वाजेलच असे नाही. खरे सांगायचे तर हेल्परच्या कामासाठी लिंक्डइनचा काही उपयोग नाही. ती भरती गेटवरच्या पाटीने, ठेकेदाराने आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपने होते. फार तर ‘अपना’सारख्या ॲपवरून, जे २०१९ मध्ये अशाच नोकऱ्यांसाठी निघाले. आयटीआय, डिप्लोमा आणि साध्या पदवीच्या जागांसाठी कंपन्या नोकरी डॉट कॉमही धुंडाळतात. तिथे अलीकडे कोण सक्रिय होते अशी गाळणी रिक्रूटरला लावता येते. वर्षभर न उघडलेले खाते तळाशी जाते. महिन्यातून एकदा जाऊन एखादी ओळ बदलली तरी भागते. लिंक्डइनचे खरे काम त्याच्या वरच्या पायरीवर सुरू होते: सुपरवायझर, इंजिनिअर, केमिस्ट, अकाउंट्स, एचआर.

आणि तिथे दुसरी ओळख पुन्हा आडवी येते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन गावात लोकांना विचारले, की नोकरीची खबर कुणाकडून लागली, मित्राकडून का? लोक त्यांना दुरुस्त करत: मित्र नव्हे, नुसता ओळखीचा. १९७३ मध्ये त्यांनी यावर लिहिलेला लेख समाजशास्त्रात प्रसिद्ध आहे. जवळच्या माणसाला जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. नवी खबर लांबच्याकडून येते. पुढे लिंक्डइनच्या २ कोटी सदस्यांवर पाच वर्षे झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरल्या त्या ना सख्ख्या ओळखी, ना अगदी तोंडदेखल्या. मध्यम सैल ओळखी.

वेवजीच्या भाषेत सांगायचे तर चुलतभावापेक्षा आयटीआयच्या बॅचमधला, सध्या वापीत असलेला पोरगा जास्त कामाचा. चुलतभाऊ त्याच कारखान्यात, त्याच ठेकेदाराकडे असतो. दोघांना एकच खबर. बॅचमेट, जुना सुपरवायझर, मशीन दुरुस्त करायला आलेला सर्व्हिस इंजिनिअर, कॉलेजातले सर: यांना जोडून घ्यायचे. जोडताना दोन ओळी लिहायच्या, की आपण अमुक साली अमुक ठिकाणी एकत्र होतो. बहुतेक जण हेच करत नाहीत. नुसते बटण दाबतात आणि समोरचा माणूस ‘हा कोण?’ म्हणून बाजूला सारतो. असे जाळे विणण्याचा अनुभव या भागाला नवा नाही. कासा इथल्या आदिवासी युवा सेवा संघाने शिकलेसवरलेले आदिवासी तरुण इंटरनेटवरून एकमेकांना जोडत नेले, आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते याच संस्थेच्या अर्जावर.

प्रोफाइल कितीही नेटके केले तरी त्यातली एक ओळ बदलता येत नाही: आडनाव. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल ॲटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. आदिवासी आडनावे त्या प्रयोगात नव्हती. वारली, धोडी, कोकणा घरांतल्या मुलांना त्याचा अंदाज स्वतःच बांधावा लागतो. प्रोफाइल सजवण्याचे सल्ले देणारे या गोष्टीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. कामाचे आकडे, जुन्या साहेबाची लेखी शिफारस, प्रमाणपत्राचा क्रमांक यांनी आडनाव पुसले जात नाही. मात्र शंका घेणाऱ्याला जागा कमी उरते.

सजवण्याच्या नादात खोटे लिहिण्याचा मोह होतो, आणि इथे एक खास खड्डा आहे. या पट्ट्यातले कितीतरी कामगार ठेकेदारामार्फत लागलेले. काम नामांकित कंपनीत, पण पीएफ ठेकेदाराच्या नावाने. पोरगा प्रोफाइलवर मोठ्या कंपनीचे नाव लिहितो. तो तिथेच राबला, तेव्हा त्याच्या दृष्टीने ते खरेच असते. नव्या ठिकाणी कागदपत्रे तपासताना एचआरवाला पीएफच्या यूएएन क्रमांकावरची नोंद काढतो, तिथे भलतेच नाव निघते आणि खरा अनुभव खोटा ठरतो. लिहायचे तर असे लिहावे: ‘अमुक कंपनीच्या कारखान्यात, तमुक ठेकेदारामार्फत’. कमीपणा वाटण्याचे कारण नाही. यूएएनचे पासबुक अधूनमधून उघडून तारखा जुळवून ठेवाव्यात.

दुसरी सावधगिरी उलट बाजूने. ‘ओपन टू वर्क’ची हिरवी चौकट २०२० मध्ये आली. ती सगळ्यांना दिसते, तशी आपल्या सध्याच्या साहेबालाही दिसते. फक्त रिक्रूटरना दिसेल अशी सोयही आहे, पण आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ती पुरती लपेल अशी हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही. शिवाय अशी चौकट पाहून पहिला फोन भामट्याचा येण्याची शक्यता असते. गेटपाससाठी, युनिफॉर्मसाठी, ट्रेनिंगसाठी आधी पैसे मागितले की तो माणूस नोकरी देणारा नव्हे. पैसे गेलेच तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि तो त्याच तासात फिरवायचा असतो.

डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदरामुळे अशा भामट्यांना नवे कुरण मिळेल, अशी भीती आहे. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ३० ऑगस्टला भूमिपूजन झाले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि त्यांची कारणेही भक्कम आहेत. सरकार १२ लाख रोजगारांची भाषा करते. त्यातले किती डहाणू-तलासरीच्या वाट्याला येतील, यावर पैज लावण्यात अर्थ नाही. मात्र बंदराची भरती करणाऱ्या कंपन्या पाड्यांवर हिंडणार नाहीत, हे नक्की. क्रेन ऑपरेटर, रीफर टेक्निशियन, सर्व्हेअर, कस्टम्सची कागदपत्रे करणारे असे शब्द त्या चौकटीत टाकले जातील. ज्यांनी तसले शिक्षण घेतले आहे त्यांनी ते शब्द आत्ताच लिहून ठेवावेत. ज्यांनी घेतले नाही त्यांचे नुसत्या शब्दांनी काही होणार नाही.

राहिल्या बायका. उंबरगावच्या कारखान्यांत पॅकिंगला, असेंब्लीला, तपासणीला मोठ्या संख्येने बायका असतात, सकाळच्या शिफ्टला टेम्पो आणि रिक्षा भरभरून जातात. प्रोफाइल यांपैकी फारच थोड्यांचे. दहा वर्षे पट्ट्यावर उभी राहिलेली बाई ‘काय काम करता?’ असे विचारल्यावर ‘कंपनीत जाते’ म्हणते. तिला नीट विचारत गेले की कळते: ती पेन्सिलीचे टोक नुसत्या नजरेने पारखते, रंगाचा फरक पडला की पट्टा थांबवते, नव्या मुलींना पंधरा दिवसांत तयार करते, सुपरवायझर नसला की हजेरी आणि मालाचा हिशेब ठेवते. एचआरच्या भाषेत याला ‘व्हिज्युअल इन्स्पेक्शन’, ‘लाइन लीडर’, ‘ऑन-जॉब ट्रेनिंग’ म्हणतात, आणि त्या नावांनी जागा निघतात. तिच्या बारावी झालेल्या मुलीने एका रविवारी आईजवळ बसून हे विचारून लिहायला घेतले, तर पहिली अडचण नावाची येईल. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, पीएफवर सासरचे. लिंक्डइनवर आधीच्या नावासाठी वेगळी जागा असते. दुसरी अडचण फोटोची: अनोळखी पुरुषांचे मेसेज नकोत म्हणून बायका फोटो टाळतात. सेटिंगमध्ये तो फक्त जोडलेल्या माणसांना दिसेल असे करता येते. तिसरा रकाना ठिकाणाचा. तिथे मुलगी आईला विचारते, काय टाकू, वेवजी का उंबरगाव?